महासाथीतील लोकजीवन : मानवशास्त्रीय दृष्टिकोन (नागपूर)

महासाथीच्या काळात माणसे रोजचे जगणे कसे बदलतात, कोणत्या चालीरीती सोडतात, कोणत्या काहीही करून टिकवतात आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, याचा सांस्कृतिक व वैद्यकीय मानवशास्त्रात होणारा अभ्यास. विषाणू शरीरात काय करतो हे वैद्यक सांगते. तो उंबरठ्याशी, बाजारात, सणात आणि मयतीत पोहोचला की काय घडते, ते मानवशास्त्र पाहते. जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ ही महासाथ असल्याचे ११ मार्च २०२० रोजी जाहीर केले. नागपुरातला पहिला रुग्णही त्याच दिवशी आढळला.

साथींची आठवण या भागाला जुनी आहे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने मध्य प्रांत व वऱ्हाडात फार मोठी मनुष्यहानी केली. पूर्व विदर्भातल्या गावांत मातामायचे, म्हणजे रोगराईशी जोडल्या गेलेल्या ग्रामदेवीचे, ठाणे असतेच. देवीचा रोग आला की घरात फोडणी द्यायची नाही, दाराला कडुलिंबाचा पाला बांधायचा, परक्याला आत घ्यायचे नाही, असे नियम पाळले जात. भक्तीच्या भाषेत सांगितलेले ते विलगीकरणच होते, आणि लोकांनी ते मनापासून पाळले. कारण ते बाहेरून लादलेले नव्हते.

नागपूरचा सर्वांत बोलका विधी मारबतीचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत हे स्त्रीरूपी मोठे पुतळे व त्यांच्यासोबत बडगे म्हणजे पुरुषी पुतळे यांची मिरवणूक इतवारी, महाल भागातून निघते. काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासून, पिवळीची १८८५ पासून सांगतात. काळीचा संबंध लोकस्मृतीत इंग्रजांना सामील झाल्याचे मानल्या जाणाऱ्या नागपूरच्या राणी बाकाबाई भोसले यांच्याशी जोडला जातो, तर पिवळीला रक्षण करणारी मानून बायका तिच्यापुढे लेकरांसाठी हात जोडतात. ‘ईडा, पीडा, रोगराई, खासी, खोकला घेऊन जाय गे मारबत’ अशा आरोळ्या देत अखेर पुतळ्यांचे दहन होते. जे आपल्या जागी नाही ते अशुद्ध ठरते आणि समाज त्याला सीमेबाहेर काढून स्वतःची घडी पुन्हा बसवतो, हा मानवशास्त्रज्ञ मेरी डग्लस यांचा विचार समजायला यापेक्षा चांगले उदाहरण सापडणे कठीण. मात्र ऑगस्ट २०२० मध्ये, खोकला खरोखरच जीवघेणा झाला असताना, मिरवणुकीला परवानगी मिळाली नाही. रोग हाकलण्यासाठी लोकांनी एकत्र यावे लागते, आणि एकत्र येण्यानेच हा रोग पसरतो. महासाथीच्या संस्कृतीचा सगळा पेच इथे उघडा पडतो. दोन वर्षांच्या खंडानंतर २०२२ मध्ये मिरवणूक पुन्हा रस्त्यावर आली तेव्हा लोटलेली गर्दी म्हणूनच निव्वळ हौसेची मानता येत नाही.

दीक्षाभूमीवरचा धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा सोहळाही २०२० आणि २०२१ मध्ये झाला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतरापासून चालत आलेला हा मेळा म्हणजे दर्शनासोबतच पुस्तकांची प्रचंड खरेदी, गावोगावच्या माणसांच्या भेटी आणि समाजाने स्वतःला डोळे भरून पाहणे. घरी मेणबत्ती लावून त्रिशरण-पंचशील म्हणता आले. पुस्तकांच्या दुकानांपुढली ती गर्दी घरी आणता आली नाही.

अंतर पाळणे ही आरोग्याची गरज होती, यात शंका नाही. पण ज्या समाजात अंतर हे जातीचे हत्यार राहिले आहे, तिथे त्याचा अर्थ कोराच राहील असे मानणे भाबडेपणाचे आहे. कामवाल्या बाईला फाटकाबाहेर थांबवणे, तिचा कप वेगळा ठेवणे, पैसे वरून टाकणे हे साथीच्या नावाखाली सहज परतले, आणि नळावर गर्दी करावीच लागणाऱ्या वस्त्यांवर बेशिस्तीचा ठपका बसला. सतरंजीपुरा, मोमीनपुरा यांसारखे दाट वस्तीचे भाग २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत प्रतिबंधित क्षेत्र झाले आणि तिथल्या अनेक कुटुंबांना विलगीकरण केंद्रांत हलवले गेले. रोग व विषमता एकमेकांना बळ देतात, हे वैद्यकीय मानवशास्त्रज्ञ मेरिल सिंगर यांनी १९९० च्या दशकात मांडलेले सूत्र तिथल्या एका खोलीच्या घरांत नेमके लागू पडते.

सवयींचे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. उन्हाळ्यात दुपट्ट्याने तोंड बांधून गाडी चालवणाऱ्या नागपूरकरांना चेहरा झाकणे अपरिचित नव्हते. घरातल्या माणसांसमोर तो झाकणे मात्र जड गेले. पानठेला बंद झाला तेव्हा मोहल्ल्याची खबर, उधारी आणि ओळख यांचे ठिकाणच बंद झाले. एका पन्नीत घोटलेला खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचे मिश्रण, चार हातांत फिरतो, आणि तो नाकारणारा दोस्तीच नाकारतो. त्यामुळे थुंकण्याच्या दंडापेक्षा हा नकार अवघड होता. नीरी या इथल्या राष्ट्रीय संशोधन संस्थेने विकसित केलेल्या आणि मे २०२१ मध्ये मान्यता मिळालेल्या चाचणीत खारट पाण्याने १५ सेकंद गुळण्या करून नमुना द्यायचा होता. नाकात काडी जाण्याच्या भीतीपुढे ही ओळखीची कृती किती मोलाची, हे रांगेत उभे राहिलेल्यांना सांगावे लागत नाही.

मृत्यूच्या संस्कारांवर झालेला घाव सर्वांत खोल होता. लोकसंस्कृतीचे अभ्यासक आर्नोल्ड व्हान गेनेप यांनी १९०९ मध्ये संस्कारांचे तीन टप्पे सांगितले : तोडणे, मधली अवस्था, पुन्हा सामील होणे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांतून गुंडाळलेला देह थेट दहनघाटावर जाई. आंघोळ नाही, मुखदर्शन नाही, खांदा नाही. पुढे अस्थी रामटेकच्या अंबाळा तलावावर किंवा कन्हान नदीवर नेणेही लांबले आणि तेरवी मोबाइलच्या पडद्यावर उरकली. तेरवीचे जेवण हा शोकाकुल घराला समाजाने परत घेण्याचा क्षण असतो. तो न आल्याने अनेक कुटुंबे मधल्याच अवस्थेत राहिली. याच काळात लग्नाला २५ माणसे व दोन तास अशी मर्यादा राज्याने घातली होती. तिची कुरकुर झाली, पण काही घरे त्यामुळे कर्जातून वाचली, हेही नोंदवायला हवे.

अभ्यासपद्धतीही बदलली. लोकांत राहून पाहणे हा मानवशास्त्राचा कणा. टाळेबंदीत संशोधकांना फोन, व्हॉट्सॲप आणि घरच्या रोजनिशा यांवर विसंबावे लागले. त्यामुळे ज्यांच्याकडे फोन होता त्यांचे बोलणे अधिक नोंदले गेले. घाटांवर काम केलेले सफाई कामगार, आशा सेविका आणि मे २०२० च्या उन्हात वर्धा मार्गाने पायी निघालेले मजूर यांच्या तोंडी आठवणी गोळा करणे हे नागपुरातील संशोधनाचे तातडीचे काम आहे.