पार्श्वभूमी : फ्रँको गेला, 'एटा' का थांबली नाही?

स्पेनच्या उत्तरेकडच्या बास्क प्रदेशाच्या स्वातंत्र्यासाठी शस्त्र उचललेल्या 'एटा' या संघटनेवरच्या माहितीपट मालिकांत 20 डिसेंबर 1973 ची माद्रिदची सकाळ हमखास असते. स्पेनचे पंतप्रधान कारेरो ब्लांको चर्चमधून निघाले आणि रस्त्याखाली खोदलेल्या भुयारातल्या स्फोटकांनी त्यांची मोटार पाच मजली इमारतीवरून पलीकडे भिरकावली. खोदकामाचा आवाज येई म्हणून 'एटा'च्या मारेकऱ्यांनी शेजाऱ्यांना आपण शिल्पकार असल्याचं सांगितलं होतं. प्रसंग चित्रपटाला शोभेलसा आहे, म्हणूनच फसवाही आहे. तेवढाच लक्षात राहिला तर 'एटा' म्हणजे हुकूमशहाशी लढणारे तरुण, असं वाटून जातं.

सुरुवात तशीच झाली, हे खरं. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत बास्क भाषेची शाळा-कचेऱ्यांतून हकालपट्टी झाली होती. 1937 मध्ये जर्मन विमानांनी बेचिराख केलेलं गेर्निका हे बास्क गाव लोक विसरले नव्हते. जुना बास्क राष्ट्रवादी पक्ष नुसताच हातावर हात धरून बसलाय, असं वाटणाऱ्या विद्यार्थ्यांनी 1959 मध्ये 'एउस्कादी ता आस्कातासुना', म्हणजे बास्कभूमी आणि स्वातंत्र्य, ही संघटना काढली. (आधी सुचलेल्या नावाचं लघुरूप 'आता' होत होतं. काही बास्क बोलींत त्याचा अर्थ बदक, म्हणून ते बदललं म्हणतात.) 1968 मध्ये पहिले बळी पडले. 1970 मध्ये बुर्गोस शहरात चाललेल्या खटल्यात संघटनेच्या सहा जणांना फाशीची शिक्षा झाली, तेव्हा युरोपभर निदर्शनं झाली आणि फ्रँकोला ती शिक्षा कमी करावी लागली.

1975 मध्ये फ्रँको वारला. 1977 च्या माफीने संघटनेचे कैदी सुटले. 1979 मध्ये बास्क प्रांतांना स्वायत्तता मिळाली, पुढे स्वतःची संसद आणि पोलीसही आले. आणि 1980 हेच सर्वांत रक्तरंजित वर्ष ठरलं, त्या एका वर्षात नव्वदहून अधिक माणसं मारली गेली. एकूण साडेआठशेच्या वर बळींपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त फ्रँकोनंतरचे आहेत. माझ्या मते खरा इतिहास इथून सुरू होतो. पूर्ण स्वातंत्र्याखेरीज काहीही म्हणजे फितुरी, या हट्टापुढे लोकशाहीही शत्रूच ठरली. उद्योजकांकडून 'क्रांतिकर' या गोंडस नावाने खंडणी उकळली जाई. 1986 मध्ये संघटना सोडून घरी परतलेल्या योयेसला तिच्या लहानग्या मुलासमोर गोळ्या घातल्या. 1987 मध्ये बार्सिलोनातल्या हिपरकोर दुकानात 21 ग्राहक मेले.

सरकारचे हातही स्वच्छ नव्हते. 'एटा'विरुद्ध सरकारी पाठबळाने चालणाऱ्या 'गाल' नावाच्या गुप्त टोळ्यांनी 1983 ते 1987 या काळात 27 जणांना मारलं. त्यातल्या एका अपहरणाबद्दल माजी गृहमंत्री बारिओनुएव्हो यांना 1998 मध्ये शिक्षा झाली. 'एटा'ला याहून चांगला प्रचार कुठून मिळणार होता?

भीती सरली ती जुलै 1997 मध्ये. एर्मुआ या बास्क गावाचा 29 वर्षांचा नगरसेवक मिगेल आंखेल ब्लांको याला पळवून 48 तासांची मुदत दिली गेली आणि मग गोळ्या घातल्या. लाखो माणसं रस्त्यावर आली, बास्क शहरांतसुद्धा. तोवर तिथे शेजाऱ्याचा खून झाला तरी पडदे ओढून घ्यायची रीत होती.

2011 मध्ये हिंसा थांबली, 2018 मध्ये संघटनेने विसर्जन जाहीर केलं. तीनशेहून अधिक खुनांचे मारेकरी मात्र अजून ठरलेले नाहीत. या मालिकांत कॅमेऱ्यासमोर एखादी विधवा नवऱ्याचं नाव घेऊन गप्प होते, तेव्हा त्यामागे बहुधा अशीच एखादी न उलगडलेली फाईल असते.