नमुना कर्नल मॉड्यूलांची बांधणी आणि लोडिंग : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या प्रशिक्षण संचासोबत लिनक्ससाठीची तीन नमुना कर्नल मॉड्यूले (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि मॉड्यूल म्हणजे चालू कर्नलमध्ये जोडता येणारा कोडचा भाग) सोर्स कोडच्या स्वरूपात दिली जातात. थेट लोड करता येतील अशा तयार ‘डॉट केओ’ फाइली (कंपाइल केलेली मॉड्यूले) का दिल्या नाहीत, असे ग्राहक वरचेवर विचारतात. साधा प्रोग्राम अनेक वर्षांपूर्वी कंपाइल केलेला असला तरी बहुधा आजच्या लिनक्सवर चालतो. मॉड्यूलाचे तसे नाही. कर्नलच्या आतील रचना आवृत्तीगणिक बदलू शकतात, म्हणून मॉड्यूल ज्या कर्नलसाठी बांधले त्याची आवृत्ती आणि काही प्रमुख पर्याय ‘व्हरमॅजिक’ या नोंदीत फाइलीतच नमूद असतात, आणि ही नोंद चालू कर्नलशी जुळली नाही तर ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ असा संदेश येऊन लोडिंग नाकारले जाते. त्यामुळे बांधणी ग्राहकाच्याच यंत्रावर करावी लागते. (या पत्रकात आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, टंकताना संचातील फाइलीत दिलेले त्यांचे मूळ रूप वापरावे.)

बांधणीसाठी कंपायलर, बांधणीच्या पायऱ्या चालवणारे ‘मेक’ आणि चालू कर्नलच्या हेडर फाइली (त्याच्या आतील रचनांची वर्णने) लागतात. डेबियन व उबुंटूमध्ये हेडरचे पॅकेज ‘लिनक्स-हेडर्स’ या नावाने सुरू होते आणि पुढे आवृत्ती येते, तर फेडोरामध्ये ते ‘कर्नल-डेव्हेल’ असते. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच उगम पावतात. यंत्रावर नवा कर्नल अपडेटमधून आलेला असतो, पण यंत्र रीस्टार्ट केलेले नसते. मग हेडर नव्या कर्नलचे आणि चालू कर्नल जुना, अशी विसंगती होते. म्हणून आधी यंत्र रीस्टार्ट करावे, ‘युनेम’ आज्ञेला ‘आर’ हा पर्याय देऊन चालू आवृत्ती पाहावी आणि नेमके तिचेच हेडर आहेत याची खात्री करावी. संचाची डिरेक्टरी ठेवताना तिच्या पूर्ण पत्त्यात कुठेही रिकामी जागा नसावी, कारण कर्नलची बांधणी-व्यवस्था असा पत्ता स्वीकारत नाही.

यानंतर संचाच्या डिरेक्टरीत ‘मेक’ ही आज्ञा द्यावी. आमची मेकफाइल छोटी आहे: ‘ऑब्ज-एम’ या ओळीत मॉड्यूलांची नावे आहेत, आणि बाकीचे काम ती कर्नलच्या स्वतःच्या बांधणी-व्यवस्थेवर सोपवते. तयार झालेली डॉट केओ फाइल ‘मॉडइन्फो’ने तपासता येते, व्हरमॅजिकही तिथेच दिसते.

लोड करण्यासाठी ‘इन्समॉड’ आज्ञेला रूट (यंत्राच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या) अधिकारांसह फाइलीचा पत्ता द्यावा. ‘मॉडप्रोब’ अवलंबित मॉड्यूलेही आपोआप लोड करते, परंतु ती कर्नलच्या ठरलेल्या डिरेक्टरीत शोध घेते. नमुन्यांसाठी इन्समॉड पुरेसे आहे. पहिला नमुना लोड होताना आणि काढताना एकेक ओळ लिहितो. ही ओळ टर्मिनलवर दिसली नाही म्हणून मॉड्यूल चालले नाही असे समजू नये. ती कर्नलच्या नोंदबफरात जाते आणि ‘डीमेसेज’ने वाचता येते. तिथेच ‘आउट-ऑफ-ट्री मॉड्यूलमुळे कर्नल टेन्ट झाला’ अशा अर्थाची इंग्रजी ओळही दिसेल. ती दोष दाखवत नाही, कर्नलच्या मूळ सोर्सबाहेरचे मॉड्यूल लोड झाल्याची ती केवळ नोंद आहे. दुसरा नमुना लोड करतानाच पॅरामीटर घेतो. तिसरा ‘सिसएफएस’मध्ये (कर्नलमधील माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या व्यवस्थेत) एक फाइल तयार करतो, जीत लिहिलेला आकडा पुन्हा वाचता येतो, याच धर्तीचे ‘कोबजेक्ट-एक्झाम्पल’ हे उदाहरण कर्नलच्या सोर्समधील ‘सॅम्पल्स’ डिरेक्टरीतही आहे. फाइलीच्या नावातील आडवी रेघ ‘एलएसमॉड’च्या यादीत अधोरेषा होऊन दिसते, म्हणून मॉड्यूल सापडले नाही तर आधी ते पाहावे.

सिक्युअर बूट (फक्त सही असलेले सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) सुरू असलेल्या यंत्रावर सही नसलेले मॉड्यूल बहुधा नाकारले जाते. अशा वेळी स्वतःची किल्ली तयार करून ‘मोकयुटिल’ने ती नोंदवावी, रीस्टार्टच्या वेळी येणाऱ्या पडद्यावर तिला मान्यता द्यावी आणि मग मॉड्यूलावर त्या किल्लीने सही करावी.

प्रयोग शक्यतो व्हर्च्युअल मशिनमध्ये करावेत. मॉड्यूल कर्नलच्याच स्मृतीत चालते, त्यामुळे चुकीचा पॉइंटर साध्या प्रोग्रामपुरता मर्यादित न राहता सगळे यंत्र थांबवू शकतो. कंटेनर (प्रोग्राम वेगळे ठेवून चालवण्याची हलकी सोय) हा पर्याय नव्हे, कारण त्याला स्वतःचा कर्नल नसतो आणि तिथून लोड केलेले मॉड्यूल यजमान यंत्राच्या कर्नलमध्येच जाते. मॉड्यूल ‘आरएममॉड’ने काढावे, ते वापरात असल्याचा संदेश आला तर एलएसमॉडच्या तिसऱ्या रकान्यातील संख्या पाहावी. मॉड्यूल सुरू होतानाच कोसळले असेल तर ते अनेकदा काढताच येत नाही, आणि रीस्टार्ट हाच मार्ग उरतो.

कर्नल अपडेट झाल्यावर बांधणी पुन्हा करावी. एखादे मॉड्यूल कायम वापरायचे असेल तर हे काम ‘डीकेएमएस’कडे (नव्या कर्नलसाठी मॉड्यूल आपोआप पुन्हा बांधणाऱ्या साधनाकडे) सोपवता येते, पण नमुन्यांसाठी तेवढा खटाटोप आम्ही सुचवत नाही. अडचण कळवताना चालू कर्नलची आवृत्ती, ‘मेक’चे संपूर्ण आउटपुट आणि डीमेसेजच्या शेवटच्या ओळी मजकुराच्या स्वरूपात पाठवाव्यात, पडद्याच्या छायाचित्रातून व्हरमॅजिकची अक्षरे वाचणे आम्हाला अवघड जाते.