५९-२४ आणि एक मोडलेला हात

१८ नोव्हेंबर २०१२. बोस्टनजवळच्या फॉक्सबरोमध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्स आणि इंडियानापोलिस कोल्ट्स यांचा अमेरिकन फुटबॉलचा सामना. संपायला चारेक मिनिटं उरली होती आणि गुणफलकावर पेट्रियट्स ५८, कोल्ट्स २४. टचडाऊन (चेंडू समोरच्या संघाच्या शेवटच्या रेषेपार नेऊन मिळवलेले सहा गुण) झाल्यावर एका जादा गुणासाठी किक मारतात, तेवढीच मारायची होती. किकरच्या पुढे खेळाडूंची जी भिंत उभी राहते, तिच्यात रॉब ग्रोंकोव्स्की होता. धिप्पाड टाइट एंड (समोरच्यांना अडवणं आणि पास झेलणं, दोन्ही करणारा खेळाडू), संघाच्या सगळ्यात मोलाच्या खेळाडूंपैकी एक. किक बरोबर गेली, ५९ झाले आणि ग्रोंकोव्स्कीचं डाव्या हाताचं कोपराखालचं हाड मोडलं.

मग सगळीकडे एकच ओरड: चौतीस गुणांनी पुढे असताना हा माणूस मैदानावर करत काय होता?

प्रश्न रास्त आहे. फक्त हाड मोडल्यावर तो विचारणं फार सोपं असतं. प्रशिक्षकाला तो आधी सोडवावा लागतो, तोही सामना चालू असताना. आघाडी किती झाली आणि वेळ किती उरली, की मुख्य खेळाडूंना बाकावर बसवायचं?

यातल्या ‘सामना जिंकलाच’ या भागाला गणित आहे. हॅल स्टर्न या संख्याशास्त्रज्ञाने १९९१ साली दाखवलं, की सट्टेबाज गुणांचा जो फरक वर्तवतात आणि प्रत्यक्षात जो पडतो, त्यांच्यातली तफावत घंटेच्या आकाराच्या वक्रात जवळजवळ चपखल बसते आणि तिचं प्रमाण विचलन (अंदाज साधारण किती चुकतो याचं माप) सुमारे १४ गुण असतं. ही साठ मिनिटांच्या पूर्ण सामन्याची गोष्ट. उरलेल्या वेळेचं काय? इथे झिंगलेल्या माणसाची चाल आठवायची. त्याचं प्रत्येक पाऊल पुढे पडेल की मागे, सांगता येत नाही. चौपट वेळ चालला तरी तो चौपट लांब जात नाही, साधारण दुप्पटच जातो. अंतर वेळेच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतं. आघाडीचंही तसंच धरलं, तर उरलेल्या वेळेत ती साधारण किती हलेल याचा हिशेब निघतो: उरलेल्या मिनिटांचं वर्गमूळ गुणिले १.८ (म्हणजे १४ भागिले साठचं वर्गमूळ). सोळा मिनिटं उरली असतील तर ७ गुणांच्या आसपास, चार मिनिटं उरली असतील तर साडेतीन.

आता आघाडी या आकड्याच्या तिप्पट झाली, म्हणजे सोळा मिनिटं असताना २२ किंवा चार मिनिटं असताना ११, तर बरोबरीच्या दोन संघांत ती उलटण्याची शक्यता साधारण सातशेत एक. फॉक्सबरोत ती साडेनऊपट होती. तेव्हा पेट्रियट्स हरण्याची भीती अजिबात नव्हती. कोडं दुसरीकडेच आहे, त्याकडे येतो.

आधी या गणितावर कितपत विसंबायचं ते बघू. १७ डिसेंबर २०२२ ला कोल्ट्सच मिनेसोटा व्हायकिंग्जविरुद्ध मध्यंतराला ३३-० ने पुढे होते. वरच्या सूत्राने हे उलटण्याची शक्यता अडीच हजारांत एक. व्हायकिंग्जनी जादा वेळेत सामना ३९-३६ असा जिंकला. फेब्रुवारी २०१७ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्यात, अटलांटा फाल्कन्स २८-३ ने पुढे होते, साडेतेवीस मिनिटं बाकी. सूत्र म्हणतं पाचशेत एक. त्यांनीही सामना घालवला, ३४-२८.

झिंगलेला माणूस मागचं काही लक्षात ठेवत नाही, संघ ठेवतात. पिछाडीवरचा संघ लांब लांब पास टाकतो आणि एरवी ज्या चौथ्या डाऊनला (चेंडू दहा यार्ड पुढे न्यायच्या चार प्रयत्नांतल्या शेवटच्याला) चेंडू लाथाडून मोकळा झाला असता, तिथेही पुढे रेटतो. पास खाली पडला की घड्याळ थांबतं, म्हणजे त्याला वेळही जास्त मिळतो. आघाडीवरचा संघ याच वेळी सावध खेळायला लागतो. त्यामुळे वक्राच्या टोकाला घडणाऱ्या गोष्टी सूत्रापेक्षा जास्त वेळा घडत असणार.

पण प्रशिक्षकासमोर खरा प्रश्न हा नसतोच. ‘जिंकण्याची शक्यता किती’ यापेक्षा ‘मुख्य खेळाडू काढला तर ती किती घटेल’ हे महत्त्वाचं. समजा ती ९९.८ टक्क्यांवरून ९९.५ वर आली. किंमत झाली एका विजयाचा ०.००३ भाग. दुसऱ्या पारड्यात दुखापत. समजा अजून २० प्ले (चेंडू खेळात आल्यापासून थांबेपर्यंतची एकेक चाल) खेळायचे आहेत आणि प्रत्येक प्लेत मोठ्या दुखापतीची शक्यता दोन हजारांत एक, म्हणजे एकूण एक टक्का. तो खेळाडू आठ सामने बाहेर बसला आणि त्याच्यावाचून प्रत्येक सामन्यात जिंकण्याची शक्यता २० टक्क्यांनी घटली, तर नुकसान १.६ विजयांचं. त्याचा एक टक्का ०.०१६. पाचपट जास्त! हे आकडे मी हिशेबापुरते घेतलेत, पण तराजू हाच. दुखापतीचं पारडं खेळाडूगणिक बदलतं, म्हणून क्वार्टरबॅक (पास टाकणारा, आक्रमण चालवणारा खेळाडू) आधी बाहेर येतो. शिवाय राखीव क्वार्टरबॅकला या वेळी फार काही करायचं नसतं. चेंडू घेऊन पळणाऱ्या रनिंग बॅकच्या हातात तो द्यायचा. त्याला मैदानातच पाडलं की घड्याळ चालूच राहतं आणि दोन प्लेंमध्ये चाळीस सेकंदांपर्यंत वेळ काढता येतो.

आणखी एक गोष्ट क्रिकेट-फुटबॉल बघणाऱ्या आपल्या डोळ्यांना पटकन दिसत नाही. आपल्या ओळखीच्या फुटबॉलमध्ये खेळाडू एकदा काढला की त्या दिवसापुरता संपला. अमेरिकन खेळात बदल्यांना मर्यादा नाही. आघाडी घसरायला लागली तर बसवलेल्या क्वार्टरबॅकला हेल्मेट चढवून परत पाठवता येतं. थंडीत स्नायू आखडतात ही अडचण खरी, पण निर्णय मागे घेता येत असल्याने तो थोडा लवकर घेणं परवडतं.

राखीव म्हणजे कच्चा, असंही नाही. ३ जानेवारी १९९३ ला बफेलो बिल्स ह्यूस्टन ऑयलर्सच्या ३५-३ असे मागे होते. त्यांचा नेहमीचा क्वार्टरबॅक जिम केली जखमी होता आणि फ्रँक राइक त्याच्या जागी खेळत होता. बिल्स ४१-३८ ने जिंकले. हाच राइक १९८४ मध्ये मेरिलँड विद्यापीठाकडून मायामीविरुद्ध ३१-० अशा पिछाडीवर, उत्तरार्धात, बदली म्हणूनच आला होता. तोही सामना मेरिलँडने ४२-४० ने जिंकला. सप्टेंबर २०२३ मध्ये मायामी डॉल्फिन्सनी डेन्व्हर ब्रॉन्कोसवर ७० गुण चढवले, तेव्हा राखीव क्वार्टरबॅक माइक व्हाइटनेच ६८ यार्डांचा टचडाऊन पास टाकला. शेवटी फील्ड गोल (तीन गुणांची किक) मारून ७३ करता आले असते, एका साखळी सामन्यात ७२ गुणांचा विक्रमही मोडला असता. प्रशिक्षक माइक मॅकडॅनियलने क्वार्टरबॅकला गुडघा टेकायला, म्हणजे प्ले तिथेच संपवायला, सांगून वेळ संपवला. दुसऱ्याला किती लोळवायचं याचं गणित कुठल्या सूत्रात नाही.

आता ग्रोंकोव्स्की. सगळ्यांना बसवा म्हणायला सोपं, पण मोजून बघा. त्या काळी सामन्याच्या दिवशी गणवेशात ४६ खेळाडू असत. आक्रमणाचे ११, बचावाचे ११, शिवाय किकर, पंटर (चेंडू लांब लाथाडणारा) आणि लाँग स्नॅपर (किकसाठी चेंडू मागे फेकणारा). झाले पंचवीस. उरले एकवीस, आणि जागा बावीस! त्या एकवीसमध्येही एखादा क्वार्टरबॅक, जो भिंतीत कामाचा नाही. जादा गुणाच्या किकसाठी स्नॅपर, होल्डर (किकसाठी चेंडू धरणारा) आणि किकर सोडून आठ आडदांड माणसं लागतात. ती लाइनमधूनच (पुढच्या अडवणाऱ्या रांगेतून) येणार आणि टाइट एंडमधून. राखीव क्वार्टरबॅक पाठवला तरी त्याच्यासमोरची पाच माणसं बहुतेक तीच राहतात, कारण ती काढली तर राखीव क्वार्टरबॅकच मार खातो. कुणीतरी मैदानावर असणारच. त्या संध्याकाळी भिंतीत ग्रोंकोव्स्की होता. त्याच्याऐवजी दुसरा कुणी उभा करता आला असता असं मला वाटतं, पण मी तो सामना हाड मोडलेलं माहीत असताना बघतोय.

तो पाच सामने बाहेर बसला आणि हंगामाच्या शेवटच्या साखळी सामन्यात परतला. १३ जानेवारी २०१३ ला प्लेऑफमध्ये, ह्यूस्टन टेक्सन्सविरुद्ध, तोच हात पुन्हा मोडला. पेट्रियट्स तो सामना जिंकले. पुढच्या रविवारी बॉल्टिमोरकडून २८-१३ असे हरले.