सायटिका: ‘दबलेली शीर’ आणि रोगप्रतिकार यंत्रणा

कंबरेतून निघून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत उतरणाऱ्या कळेची, म्हणजे सायटिकाची, मराठी घरांत दोनच कारणे सांगितली जातात: ‘गादी सरकली’ किंवा ‘शीर दबली’. हे दुखणे सांध्याचे नसून मज्जातंतूचे आहे, असे नेपल्समधल्या एका वैद्याने १७६४ मध्येच मांडले होते. मात्र आपल्या तोंडी बसलेली ही भाषा १९३४ ची आहे. त्या वर्षी बोस्टनच्या दोन शल्यचिकित्सकांनी मणक्यांमधली चकती (हीच ती ‘गादी’) फुटून बाहेर आलेला भाग मज्जातंतूच्या मुळाला दाबतो आणि तो काढल्यावर रुग्णाला आराम पडतो, हे दाखवून दिले. पुढची कित्येक दशके सायटिका म्हणजे दाब आणि उपचार म्हणजे दाब काढणे, एवढाच हिशेब राहिला.

‘शीर दबली’ या शब्दांपाशी मात्र थोडे थांबायला हवे, कारण निम्मा घोटाळा त्यांतच आहे. एक तर ‘शीर’ म्हणजे रक्तवाहिनीही आणि मज्जातंतूही, त्यामुळे अनेकांच्या मनात कुठेतरी रक्त अडल्याचे चित्र उभे राहते. दुसरे म्हणजे, निरोगी मज्जातंतू नुसता दबला तर सहसा कळ येतच नाही. बराच वेळ मांडी घालून बसल्यावर पाय बधिर होतो, मुंग्या येतात, पण पोटरीत सुरी फिरल्यासारखे होत नाही. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कामात कंबरेच्या शस्त्रक्रिया फक्त तेवढी जागा बधिर करून, रुग्ण जागा असताना केल्या होत्या. सुजलेल्या किंवा ताणलेल्या मुळाला हात लागला की रुग्ण नेमकी आपली नेहमीची पायातली कळ सांगत असे; शेजारच्या निरोगी मुळाला डिवचले तर तसे होत नसे. पुढे १९९४ मध्ये कंबर कधी न दुखलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले, तेव्हा ५२ टक्क्यांच्या निदान एका चकतीला फुगवटा आणि २७ टक्क्यांच्या चकतीचा भाग बाहेर आलेला दिसला. म्हणजे दबणे हवे तेवढे होते, दुखणे नव्हते. तरीही रिपोर्टमधल्या ‘बल्ज’ (फुगवटा) या शब्दाने आजही माणसे हबकतात, आणि हा दोष केवळ त्यांचा म्हणता येणार नाही.

उरलेले अर्धे उत्तर चकतीच्या गाभ्यात होते. जेलीसारख्या या गाभ्याला प्रौढपणी रक्तपुरवठा नसतो, भोवती चिवट कडे असते, त्यामुळे रोगप्रतिकार यंत्रणेची त्याच्याशी फारशी ओळखच होत नाही. कडे फाटून गाभा बाहेर आला की घरचाच माणूस परका ठरतो. १९६० च्या दशकात सशांवरच्या प्रयोगांतून ही शंका मांडली गेली होती, पण निर्णायक ठरले ते १९९३ चे स्वीडनमधले काम. डुकराच्या चकतीतला गाभा काढून तो त्याच डुकराच्या मज्जातंतूंच्या मुळांवर नुसता ठेवला, जराही दाब दिला नाही. संदेशवहनाचा वेग घसरला आणि तंतूंत इजा दिसली. त्याच जनावराची चरबी ठेवली तेव्हा तसे झाले नाही. त्याच दशकाच्या अखेरीस या इजेत टीएनएफ या दाहकारक प्रथिनाचा मोठा वाटा असल्याचे दिसून आले.

टीएनएफ रोखणारी औषधे संधिवातासाठी तोवर तयार होती, त्यामुळे पुढचे पाऊल उघड होते. फिनलंडमध्ये २००३ साली १० रुग्णांवर केलेल्या पहिल्या चाचणीचे निकाल थक्क करणारे होते. मात्र २००५ मध्ये ४० रुग्णांची चाचणी झाली, काहींना औषध आणि बाकीच्यांना बिनऔषधी सलाइन दिले, तेव्हा दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. सायटिकाच्या संशोधनात हे वारंवार घडते: दुखणे मुळात बहुधा आपणहून ओसरते, आणि श्रेय त्या वेळी हातात असलेल्या औषधाला जाते.

ते आपणहून ओसरते याचे एक कारणही रोगप्रतिकार यंत्रणाच आहे. चकतीचा तुकडा सुटून पार बाहेर पडला की त्याच्याभोवती नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि भक्षक पेशी तो हळूहळू खाऊन टाकतात. २०१५ च्या एका आढाव्यात अशा पूर्ण सुटलेल्या तुकड्यांपैकी ९६ टक्के, तर नुसत्या फुगवट्यांपैकी १३ टक्केच आक्रसल्याचे आढळले. एमआरआयवर जे सर्वांत भयंकर दिसते, तेच बहुधा आपणहून आक्रसते.

मग डॉक्टर ज्या दाहशामक गोळीला ‘सुजेची’ म्हणतात, ती नेमके काय करते? २०२२ मध्ये कॅनडातील संशोधकांच्या पुढाकाराने कंबरदुखी नुकतीच सुरू झालेल्या ९८ जणांच्या रक्ताची तीन महिन्यांच्या अंतराने तपासणी झाली. ज्यांचे दुखणे गेले, त्यांच्या रक्तपेशींत सुरुवातीला दाहाची मोठी लाट दिसली. ज्यांचे टिकले, त्यांच्यात ती नव्हती. उंदरांना डायक्लोफेनॅक हे दाहशामक औषध किंवा स्टेरॉइड दिल्यावर वेदना लगेच कमी झाली, पण ती लांबली. ब्रिटनमधील आरोग्यनोंदींतही दाहशामक गोळ्या घेणाऱ्यांचे दुखणे रेंगाळण्याची शक्यता जास्त आढळली. अर्थात ज्याला जास्त दुखते तोच जास्त गोळ्या घेतो, आणि नोंदींवरून हे दोन धागे पुरते सुटे करता येत नाहीत. त्यासाठी गोळी आणि बिनऔषधी गोळी चिठ्ठ्या टाकून वाटणारी, महिनोन्‌महिने चालणारी चाचणीच लागते.