१७ नंबरचा फॉर्म भरताय? आधी दाखला शोधा

विड्या वळणाऱ्या, कारखान्यात टॉवेल शिवणाऱ्या बायका माझ्याकडे १७ नंबरच्या फॉर्मसाठी येतात, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायच्या नावनोंदणीसाठी. कुणाचा नवरा गेलेला, कुणाची शाळा धाकट्या भावंडांपायी सुटलेली. मी आधी एकच विचारते, दहावीला पूर्वी कधी बसला होतात का? बसून नापास झाला असाल तर १७ नंबर तुमच्यासाठी नाहीच, जुन्या शाळेतूनच पुन्हा परीक्षेला बसायचं. बसलाच नसाल, तर किमान पाचवी पास आणि १४ वर्षं पूर्ण, एवढं पुरतं. वय जास्त झालं म्हणून कुणी नाही म्हणत नाही.

अर्ज राज्य शिक्षण मंडळाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा. आधार आणि फोटो सगळ्यांकडे असतो. घोडं अडतं ते शाळा सोडल्याच्या दाखल्यापाशी. परवा एका ताईंनी पिशवीतून आठ घड्या घातलेला दाखला काढला. घडी नेमकी जन्मतारखेवरच फाटलेली. अशा वेळी शाळेतून दुसरी प्रत काढा आणि मूळ प्रत नसल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. शाळाच बंद झाली असेल तर जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या नावनोंदीचं शाळेचं पुस्तक, कुठे गेलं ते महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात विचारा. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. "उद्या या" ऐकून रोजाची मजुरी बुडवू नका. एका बाईला असे चार उद्या मिळाले, मी सोबत होते, फार राग आला.

नाव दाखल्यावरचंच लिहा, म्हणजे माहेरचं. आधारवर सासरचं असतं, म्हणून घाबरून तेच टाकू नका. विवाह नोंदणीचा दाखला जवळ ठेवा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू माध्यमात शिकलेल्यांनी माध्यमाचा रकाना नीट बघून भरावा, दहावी तेलुगूतूनही देता येते.

आता मुदत. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणून बायका दिवाळीनंतर येतात. तोवर १७ नंबरची मुदत बहुधा टळलेली असते. जुलैपासूनच मंडळाच्या सूचनेवर लक्ष ठेवा. अर्जात निवडलेल्या संपर्क केंद्राच्या शाळेत मूळ कागद देण्याआधी झेरॉक्स काढा.

आणि १७ नंबर ही फक्त नावनोंदणी आहे. परीक्षेचा फॉर्म वेगळा, तो त्याच शाळेतून नंतर भरायचा असतो. तेव्हा महिन्यातून एकदा शाळेत जाऊन विचारा, आणि फोन नंबर बदलला तर तिथे कळवा.