फियाटशेजारी स्कॉर्पिओ: मधल्या दीड फुटाची पार्श्वभूमी

प्रीमियर पद्मिनी आणि आजची स्कॉर्पिओ-एन शेजारी उभ्या केल्या की आधी जाणवते ती रुंदी. पद्मिनी साधारण १.४६ मीटर, स्कॉर्पिओ-एन १.९२ मीटर. फरक दीड फुटाचा. लांबीतला फरक याहून मोठा आहे, पण समोरून गाडी आली की गल्लीत अडचण होते ती रुंदीचीच.

खरं तर पद्मिनीला तिच्या काळात कुणी छोटी गाडी म्हणत नव्हतं. तिचं मूळ १९५३ सालच्या इटलीतल्या फियाट ११०० मध्ये. वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती पुढच्याच वर्षापासून तयार होऊ लागली. चित्तोडच्या राणीचं नाव तिला १९७४ साली मिळालं, पण मुंबईकरांच्या तोंडी शेवटपर्यंत ‘फियाट’च. गिअरचा दांडा स्टिअरिंगला, त्यामुळे पुढची सीट सलग. बाबा गाडी चालवायचे, मधे मी, खिडकीशी आजोबा. मागे आई, आजी, आत्या आणि मांडीवर धाकटी. हिवाळ्यात चोक ओढून बाबा दोन मिनिटं थांबत, तोवर आजोबा त्रिकोणी काच उघडून वारा घेत. १०८९ सीसीचं इंजिन, वजन नऊशे किलोच्या आत, आणि त्यात आख्खं घर मावायचं.

स्कॉर्पिओचं घराणं वेगळं. महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली. ती सैन्याची, खडबडीत वाटेची गाडी. उंच आणि भक्कम चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, बसवलेली. २००२ साली आलेल्या स्कॉर्पिओने हा बांधा शहरी कुटुंबाच्या दारात आणला, आणि स्कॉर्पिओ-एन आजही तशाच चासीवर उभी आहे.

गाड्या फुगल्या त्या नुसत्या हौसेपोटी, असं मला वाटत नाही. पद्मिनीत डोक्यासमोर पत्र्याचा डॅशबोर्ड होता. स्कॉर्पिओ-एनला २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्या आदळवून सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले. एअरबॅग, दारांतल्या पोलादी पट्ट्या, जाड खांब या सगळ्याला जागा लागते. लेकरांना घेऊन घाट उतरताना मी तरी नवीच गाडी निवडेन.

सरकारने लांबीला वेसण घालून पाहिली. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणलं. ३.९३ मीटरची पद्मिनी त्या रेषेच्या आत सहज बसली असती, पण तोवर तिचं उत्पादन थांबलं होतं. त्या सवलतीच्या अटींत रुंदीचा उल्लेखच नव्हता.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला असलेली वीस वर्षांची मुदत संपली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर काळ्या-पिवळ्या फियाट रस्त्यावरून कायमच्या हटल्या. ज्या गल्ल्यांत त्या एकमेकींना वाट देत, त्यांची रुंदी आजही तेवढीच आहे.