क्रूझला जाताना मोठी बॅग कशी भरावी
(सिंगापूर क्रूझच्या आमच्या प्रवाशांसाठी)

“आमची बॅग अजून केबिनमध्ये आली नाही हो!” सफरीच्या पहिल्या संध्याकाळी हा फोन आम्हाला हमखास येतो. बॅग हरवलेली नसते. ती जहाजाच्या सिक्युरिटीकडे अडकलेली असते, आणि बहुतेक वेळा आत इस्त्री, पाणी तापवायची किटली नाहीतर एक्स्टेन्शन बोर्ड सापडतो.

विमानाच्या सवयीमुळे हे होतं. विमानात मोठ्या बॅगेत घातलेली इस्त्री चालते, म्हणून जहाजावरही चालेल असं वाटतं. मरीना बे क्रूझ सेंटरवर मोठी बॅग आत शिरतानाच हमालांकडे द्यायची असते. ती एक्स-रेमधून जाते आणि संध्याकाळपर्यंत केबिनच्या दाराशी येते. हजारो प्रवाशांचं सामान एकाच वेळी चढतं, तेव्हा चार-पाच तास धरूनच चाला. बंदी असलेली वस्तू दिसली की बॅग बाजूला काढतात आणि तुम्हाला बोलावणं येतं. रांगेत उभं राहून स्वतः बॅग उघडायची, वस्तू जमा करायची. ती उतरताना परत मिळते. पण तेवढ्या वेळात जहाज सिंगापूर सोडतं, आणि वरच्या डेकवरून दिसणारा तो दिव्यांचा किनारा, ज्यासाठी तुम्ही एवढे पैसे भरले, तो बघायचा राहून जातो.

नियम जाचक वाटेल, पण भर समुद्रात आग लागली तर बाहेरून बंब येत नाही. जहाजावरच्या लोकांनाच ती विझवावी लागते. मार्च २००६ मध्ये जमैकाजवळ ‘स्टार प्रिन्सेस’ जहाजाच्या बाल्कन्यांना आग लागली, एक प्रवासी दगावला. न विझलेली सिगारेट हे त्याचं संभाव्य कारण मानलं गेलं. चालू राहिलेली इस्त्री त्याहून कमी धोक्याची नाही.

इस्त्रीऐवजी एक सोपा उपाय: कपडे हँगरला लावून बाथरूममध्ये ठेवा आणि गरम पाण्याने आंघोळ करा, वाफेने सुरकुत्या बऱ्याच सुटतात. बोर्डाऐवजी तीन-चार यूएसबी पोर्टचा साधा चार्जर घ्या. सकाळच्या चहाचं म्हणाल, तर तुमच्या केबिनमध्ये किटली आहे की नाही, हे आम्ही आधीच विचारून सांगतो. घरी केलेले पदार्थ बहुतेक कंपन्या चढवू देत नाहीत. सीलबंद पुड्या चालतात. जैन किंवा शाकाहारी जेवण बुकिंगच्या वेळीच नोंदवतो, तेव्हा खिचडीच्या पाकिटांनी बॅग भरू नका.

आता हातातली पिशवी. पासपोर्ट, रोजच्या गोळ्या, चष्मा, एक कपड्यांचा जोड आणि पोहण्याचे कपडे यातच हवेत. गेल्या दिवाळीत एका आजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या मोठ्या बॅगेत होत्या, आणि त्याच बॅगेत किटली. रात्री नऊपर्यंत आमचा टूर मॅनेजर खाली-वर करत होता. पासपोर्ट मोठ्या बॅगेत गेला तर इमिग्रेशनच होत नाही.

चढल्यावर सुरक्षेचं ड्रिल असतं, ते टाळू नका. २०१२ साली इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ बुडाली, ३२ जण गेले. त्याच दिवशी चढलेल्या अनेकांचं ड्रिल झालेलंच नव्हतं. त्यानंतर नियम कडक झाले. फोन विमान मोडवर ठेवा. जहाजाचं नेटवर्क त्याने आपोआप पकडलं तर बिल फार मोठं येतं.

शेवटच्या रात्री मोठी बॅग टॅग लावून केबिनबाहेर ठेवावी लागते. सकाळी घालायचे कपडे आणि चपला आधी बाजूला काढा. रात्रीच्या कपड्यांत उतरायची वेळ आमच्या दोन-तीन प्रवाशांवर आलेली आहे.

निघण्याआधीच्या रविवारी आम्ही ऑफिसात प्रत्येकाची बॅग बघतो. काहींना ते आवडत नाही, “आम्ही काय लहान आहोत का?” म्हणतात. पण ज्या सफरीत ही तपासणी नीट झाली, त्यात एकही बॅग अडकली नाही, म्हणून हा रिवाज आम्ही सोडणार नाही. आमचा दर इतरांपेक्षा थोडा जास्त दिसतो, कारण दर रात्रीची माणशी टिप आणि बंदराचे कर त्यात आधीच धरलेले असतात. दोन कोटेशनं शेजारी ठेवून पाहताना एवढं तपासा.

रविवारी येताना पूर्ण भरलेली बॅग आणा, नुसती यादी नको.